अक्काची मासोळी

आमच्या घरात कुणी थाप मारली तर तिला थाप म्हणत नाहीत, 'अक्काची मासोळी' म्हणतात. 'ऑफिसात फार काम होतं म्हणून उशीर झाला,' असं आमचे हे म्हणाले, की पलीकडून कुणीतरी म्हणणारच, 'हौ, अक्काची मासोळी!' लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, ही अक्का म्हणजे कुणीतरी खापरपणजी असणार, तोंडाचा पट्टा सदा चालू, भुताखेतांच्या गोष्टी सांगणारी. महिनाभराने कळलं की अक्का म्हणजे माझी सासू. मी चाटच पडले.

कारण सावित्रीबाईंइतकं मोजूनमापून खरं बोलणारं माणूस मी काचीगुड्यात काय, अख्ख्या हैदराबादेत पाहिलेलं नाही. लग्नाला किती माणसं होती असं विचारलं तर म्हणतील, 'पुष्कळ होती, मोजली नाहीत.' माझ्या हातची पहिली पुरणपोळी खाऊन, चार पाहुण्यांसमोर, 'पुरण कच्चं आहे गं,' म्हणाल्या. तेव्हा मला इतका राग आला होता की दोन दिवस मी भांडी आपटत होते. पण पुरण कच्चं होतं हेही खरंच. आपल्याकडे बायकांना बस फुकट झाली, आधार कार्ड दाखवलं की झालं. एकदा त्या कार्ड घरी विसरल्या. कंडक्टरबाई म्हणाली, 'अम्मा, असू द्या, बसा.' यांचं एकच, 'असू द्या कसं? पुरावा नाही ना माझ्याकडे.' तिकीट काढूनच कोटीच्या बाजारात गेल्या. आता अशा बाईच्या नावाने थापेला नाव पडावं, म्हणजे कमाल आहे की नाही?

मी त्रिवेणी. माहेर सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमधलं, त्यामुळे आवाज मोठा आणि डोकं गरम. पंचवीस वर्षं एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते आहे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्या लोकांत तशीच पद्धत आहे.

तर ती मासोळी. पोलीस अ‍ॅक्शन होऊन, म्हणजे निजामाचं राज्य जाऊन, वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आत्याबाईंचे वडील एकनाथराव सिकंदराबादच्या छावणीत एका म्हाताऱ्या गोऱ्या डॉक्टरच्या बंगल्यावर देखरेखीला होते. डॉक्टर कायमचा आपल्या देशाला निघाला. सामान बांधायचं चाललं होतं, आणि नऊ वर्षांची सावित्री वडिलांचा डबा घेऊन तिथे गेलेली. वडील बैलगाडी ठरवायला बाहेर गेले. तेवढ्यात डॉक्टरने एक लाकडी पेटी उघडली, पितळेचं काहीतरी जोडलं, बागेतल्या हौदातून एक बोटाएवढी मासोळी पकडली, ओल्या फडक्यात गुंडाळून तिला पितळी पट्टीवर बांधली आणि पोरीला खुणेने बोलावलं. सावित्रीने डोळा लावला. मासोळीच्या शेपटीत दाणे धावत होते. एका वाटेने जात होते, दुसऱ्या वाटेने परत येत होते, एकामागे एक, थांबतच नव्हते. एवढंच. मग डॉक्टरने सगळं पेटीत घातलं आणि जाताना ती पेटी एकनाथरावांना देऊन टाकली.

घरी येऊन पोरीने सांगितलं, आणि घर हसलं. हसू नये तर काय करावं? एकनाथरावांनी पेटीतली नळी काढून खिडकीकडे धरली, डोळा लावला, अंधार! सगळ्यांना वाटलं दुर्बीण आहे. पण ही दुर्बीण समोरून बंद होती. एका टोकाला डोळा लावायचं भिंग, दुसऱ्या टोकाला पितळेचं घट्ट झाकण, आणि पोटाला एक भोक. बंद नळीतून कुणाला काय दिसणार? धाकटा भाऊ हिम्मत तेव्हा पाच-सहा वर्षांचा, त्याने दारोदार जाऊन सांगितलं, आमच्या अक्काला मासोळीच्या शेपटीत पळणारी माणसं दिसली. ती गोष्ट जी चिकटली ती चिकटली.

एकनाथराव भाविक माणूस. 'विद्येचं शस्त्र आहे, खेळायचं नाही,' म्हणून त्यांनी पेटी देवघराखाली ठेवली. खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-विळ्यांबरोबर, शिवणाच्या मशीनबरोबर तिचीही पूजा. चिंचेने पितळ घासायचं, हळदीकुंकू वाहायचं, पुन्हा बंद. पुढे मामांनी, म्हणजे त्याच हिम्मतरावांनी, जुनं घर सोडून फ्लॅट घेतला, तेव्हा जागा नाही म्हणून पेटी आमच्याकडे आणून टाकली. 'अक्का, घे तुझी मासोळी,' म्हणाले.

आता माझं सांगते. लग्नानंतर कधीतरी मी आत्याबाईंना सहज विचारलं होतं, 'ते दाणे कुठल्या रंगाचे होते?' मला वाटलं, लाल म्हणतील. रक्त म्हटलं की कुणीही लालच म्हणेल. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, 'लाल नव्हते. पिवळट होते.'

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. अहो, मी रोज बघते! भरपूर रक्त लाल दिसतं, पण काचेखाली एकेकटा दाणा बघाल तर तो फिकट पिवळा असतो. हे लॅबवाल्याला माहीत असतं, बाकी कुणाला नाही. नऊ वर्षांच्या पोरीला थाप मारायची असती तर तिने लालच सांगितलं असतं. त्या दिवसापासून माझी खात्री होती की या बाईने काहीतरी पाहिलंय. पण कशातून? पेटी उघडून बघितली तर मायक्रोस्कोपचं खालचं भिंगच नाही. ज्याच्यामुळे वस्तू मोठी दिसते तो जीवच नाही. मी समजले, मुख्य तुकडा कुठेतरी हरवला. आणि संसार, नोकरी, पोरांच्या परीक्षा, यात ते तसंच राहिलं.

यंदा दसऱ्याच्या आधी बबलू आला. बबलू म्हणजे मामांचा मुलगा, पंचेचाळीस वर्षांचा आहे, पोट सुटलंय, तरी बबलूच. कोंडापूरला कॅफे काढतोय. 'जुनं हैदराबाद' अशी थीम आहे म्हणे. भिंतीवर जुनी सायकल, ग्रामोफोनचा कर्णा, कंदील, आणि मधोमध ही दुर्बीण. 'पितळ मस्त चमकवतो,' म्हणाला, 'स्क्रू मारून फिट करतो. आणि आत्या, खाली बोर्ड लावतो, 'अक्काची मासोळी'. आपल्या घरची गोष्ट छोटीशी लिहितो, लोक वाचून हसतील. किर्राक दिसेल बघ!'

पोरगा वाईट नाही. त्याला खरंच वाटत होतं की आत्याचा मान वाढतोय. मामाही बरोबर होते, सोफ्यावर रेलून हसत होते. 'आपल्या बाबांची वस्तू आहे अक्का, चार लोक बघतील तरी. तू लाइट घे.'

आत्याबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. 'ने बाबा,' म्हणाल्या, 'पण बोर्ड लावायच्या आधी एकदा त्यातून बघ.'

'बंद नळीतून काय बघू आत्या?'

त्यांनी कप पुन्हा उचलला. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, आयुष्यात एक खोटं बोलली नाही, आणि तिच्या थापेचा बोर्ड लागणार भिंतीवर! येणारा-जाणारा कॉफी पिता पिता हसणार! मी म्हटलं, 'दसऱ्याला सोनं द्यायला याल तेव्हा घेऊन जा. खंडेनवमीची पूजा तरी होऊ दे.' ते गेल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं की दसऱ्याच्या आत मी त्या नळीचा छडा लावते, नाहीतर नावाची त्रिवेणी नाही.

'कशाला परेशान होतेस,' त्या म्हणाल्या. 'जाऊ दे.'

'जाऊ दे काय? तुम्ही पाहिलंय ना?'

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि, 'दूध उतू जाईल,' म्हणून आत गेल्या. मला तेव्हा ते लक्षात आलं नाही.

अष्टमीला मी सुट्टी टाकली. सकाळीच जाऊन माशांच्या दुकानातून दोन गप्पी मासे आणले, शेपट्या काचेसारख्या आरपार. हॉर्लिक्सच्या बाटलीत पाणी घालून खिडकीत ठेवले. आमचे हे, प्रतापराव, म्हणाले, 'आता घरातही लॅब?' मी म्हटलं, तुम्ही खाली जाऊन बायका बतकम्मांची फुलं रचताहेत ती बघा, इथे लुडबुड नक्को.

मग मी आणि आत्याबाई जमिनीवर सतरंजी टाकून बसलो आणि पेटी उघडली. आतल्या मखमलीत प्रत्येक वस्तूला खड्डा केलेला. नळी, तिला उभी करायचा खांब, खाली लावायचा गोल आरसा, एक नाजूक चिमटा. हाडाच्या पट्ट्या होत्या, बोटभर लांबीच्या, त्यांना ओळीने भोकं, आणि प्रत्येक भोकात अभ्रकाच्या दोन चकत्यांमध्ये काहीतरी दाबून ठेवलेलं, कुठे माशीचा पंख, कुठे कसले केस. आणि ती पितळी पट्टी! होडीच्या आकाराची, कडेला दोरी ओवायला खाचा, एका टोकाला काच बसवलेली. आता नीट निरखल्यावर कळलं की मासा बांधायचीच पट्टी आहे. शेपूट काचेवर यायची. एवढी वर्षं आमच्या घरात ती निरांजनाचं तबक म्हणून पूजेत ठेवत होते.

मी चिंच भिजवून नळीला हात घातला, तशा आत्याबाई म्हणाल्या, 'थांब. ते टोक मी करते. दरवर्षी मीच करते.' आणि त्यांनी नळीचं ते बंद टोक धरून फिरवलं. झाकण सुटून हातात आलं. त्या घट्ट झाकणाला आटे आहेत हे मला आजवर माहीतच नव्हतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा होता. काचेचा नाही, धातूचा, वाटीसारखा किंचित खोलगट. थोडा धुरकट, पण माझा डोळा त्यात दिसला, हा एवढा मोठा. आणि आरशाच्या मधोमध कुंकवाचा टिळा.

'हे काय आहे?'

'त्याचा डोळा,' आत्याबाई म्हणाल्या. 'त्या डॉक्टरने पुसताना उघडला होता, मी बघितला होता. सांगितलं होतं मी सगळ्यांना, आत डोळा आहे म्हणून. मग पूजेत मी इथेच कुंकू लावते. बाहेरच्या पितळेला काय लावायचं?'

मी नळीत बॅटरी मारली. पोटातल्या भोकाच्या बरोबर वर, एका बारीक दांडीवर, नखाएवढी दुसरी आरशी तिरकी बसवलेली. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भिंग हरवलेलं नव्हतंच! या यंत्राला ते कधी नव्हतं. खाली ठेवलेल्या वस्तूचा उजेड भोकातून वर येतो, चिमुकली आरशी तो आडवा वळवून टोकाच्या खोलगट आरशावर टाकते, आणि तो आरसा वस्तू मोठी करून परत डोळ्याकडे पाठवतो. म्हणून तर टोक बंद! मी ओल्या हाताने फोन उघडून शोधलं, तर तसंच चित्र आलं. जुन्या भिंगांतून बघताना कडेला रंगीत झालर यायची, म्हणून दोनशे वर्षांपूर्वी काही कारागिरांनी भिंगाऐवजी आरसा बसवून बघितला होता. मी आनंदाने ओरडलेच. 'आत्याबाई, तुमची मासोळी खरी! शंभर टक्के खरी!'

त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मी आनंदाच्या भरात ओला कापूस घेऊन ते कुंकू पुसायला लागले. कुंकू निघालं. खालचा डाग निघाला नाही. पुन्हा पुसलं, निघाला नाही. वर्षानुवर्षं ओलं हळदीकुंकू तिथे लागलं, वर्षभर तसंच राहिलं, चिंचेच्या हाताने पुसलं गेलं, पुन्हा लागलं. धातू खाल्ला होता. टिकलीएवढा काळा, खरबरीत डाग, आणि तोही नेमका मध्यभागी. लॅबमध्ये मधोमध असा डाग पडलेलं भिंग आम्ही सरळ फेकून देतो.

माझं तोंड काही लपत नाही. आत्याबाईंनी माझ्या हातातून झाकण घेतलं, चष्मा सरकवून बघितलं.

'माझ्यामुळे झालं?'

खोटं बोलावंसं वाटलं. पण या बाईशी खोटं कसं बोलणार? 'हो,' म्हटलं. 'आता काही दिसेल असं वाटत नाही.'

'डोळ्यातच बोट घातलं मी,' त्या म्हणाल्या. आणि सगळं एकेक करून आपापल्या खड्ड्यात ठेवून त्यांनी पेटी मिटली. मी म्हटलं, निदान जोडून तरी बघू. 'नक्को,' म्हणाल्या. 'उद्या पूजा आहे.'

खंडेनवमीला पाटावर विळी, कात्री, यांचा ड्रिलचा सेट, माझं लॅबचं जुनं पिपेट आणि ती पेटी असं सगळं मांडलं. आत्याबाईंनी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. पेटीपाशी हात आला आणि थबकला. मी म्हटलं, 'लाकडाला लावा, लाकडाला काय होतंय.' त्यांनी मान हलवली. 'नक्को गं. माझा हात लागायलाच नक्को त्याला.' नुसता नमस्कार केला. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. माझी नुसती तडफड चालली होती. ते दोन गप्पी मासे मात्र बाटलीत मजेत फिरत होते, आणि आमचे हे येता-जाता त्यांना पोळीचा चुरा घालत होते.

दसऱ्याला मामा आणि बबलू आले. मामांनी जम्मीची, म्हणजे शमीची, आणि आपट्याची पानं अक्काच्या हातात दिली, वाकून नमस्कार केला. श्रीखंड-पुरी झाली. बबलूने पेटी उचलून काखेत मारली. 'आत्या, बोर्डचं डिझाइन दाखवू?' म्हणून फोन पुढे केला. आत्याबाईंनी चष्मा लावून वाचलं. हसण्याचा प्रयत्न केला. 'छान आहे,' म्हणाल्या.

पुरणाला कच्चं म्हणणारी बाई 'छान आहे' म्हणाली! माझ्याच्याने राहवलं नाही. 'बबलू, ठेव ती पेटी खाली!' मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या भाग्यलक्ष्मीने खिडकीतून डोकावलं. 'जोडून बघितल्याशिवाय मी ती घराबाहेर जाऊ देणार नाही. दिसलं नाही तर ने, आणि भिंतीला ठोक, मलाही ठोक तिच्या शेजारी!'

'त्रिवेणी, अगं जाऊ दे,' मामा म्हणाले.

'तुम्ही गप बसा मामा. तुम्हीच लावलंय हे सगळं.'

खिडकीशी टेबल ओढलं. पेटीच्या झाकणावरच खांब उभा राहिला, त्यावर नळी आडवी बसली. खालचा आरसा फिरवून आभाळाचा उजेड भोकात घेतला. नळी सरळ बसली का बघायला मी डोळ्याकडचं भिंग काढलं आणि नुसतंच आत बघितलं.

डाग नव्हता.

मी डोळे चोळले, पुन्हा बघितलं. आरसा होता, धुरकट गोल चकती, पण काळा डाग कुठेच नाही. त्याच्या जागी दिसत होती ती चिमुकली आरशी, पाठमोरी, दांडीवर उभी. ती मोठ्या आरशाच्या बरोबर समोर होती, आणि डाग तिच्या आड गेला होता, पंगतीत खांबामागे बसलेला पाहुणा जसा कुणाला दिसत नाही तसा. म्हणजे त्या मधल्या जागेवरून डोळ्यापर्यंत काही पोचतच नव्हतं, कधीच पोचणार नव्हतं. तिथे डाग असो की नसो, यंत्राला फरकच नाही! सगळं काम कडेच्या भागाचं. आणि आत्याबाईंनी इतकी वर्षं कुंकू लावलं ते नेमकं मधोमध, कारण आमच्यात टिळा मधोमधच लावतात.

मला हसू आवरेना. 'मासा आणा!' म्हटलं. बबलूने बाटलीत हात घालून गप्पी पकडला, त्याचा शर्ट भिजला. मी तो ओल्या फडक्यात गुंडाळून पट्टीवर बांधला, पण शेपूट मिटलेलीच. तेव्हा आत्याबाई मागून म्हणाल्या, 'त्याने पाण्याचा थेंब टाकून बोटाने पसरली होती.' मी थेंब टाकला, शेपूट पंख्यासारखी उघडली. भिंग लावलं, खालची पट्टी हल्लू हल्लू वर आणली. आधी नुसता धूर. मग रेघा. मग एकदम स्पष्ट झालं.

रक्त वाहताना मी कधी पाहिलं नव्हतं. पंचवीस वर्षं बघितलं ते मेलेलं, काचेवर वाळवलेलं, रंग दिलेलं. हे धावत होतं. बारीक वाटांनी दाणे एकामागे एक चालले होते, वळणावर जरा दाटत होते, पुन्हा सुटत होते, आणि शेजारच्या वाटेने परत येत होते. फिकट पिवळे. मी बाजूला झाले आणि आत्याबाईंना हात दिला.

'आधी हिम्मताला,' त्या म्हणाल्या.

मामा हसत हसतच वाकले. 'बघू बुवा अक्काची मासो...' किती तरी वेळ तसेच वाकलेले. बबलू मागून 'पप्पा, काय दिसतंय? पप्पा, मला बघू द्या,' करत होता, ते ऐकतच नव्हते. शेवटी डोळा न काढताच म्हणाले, 'अक्का. धावतंय गं. जातंय आणि येतंय.'

मग आत्याबाई बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळा लावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आता म्हणतील, बघा, सांगत नव्हते? बोलू दे आज, मनसोक्त बोलू दे, असं मला झालं होतं. त्यांनी डोळा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. आणि अगदी हळू, जणू खोलीत कुणीच नाही, असं म्हणाल्या,

'म्हणजे मी खरंच पाहिलं होतं.'

'अगं, तूच तर जन्मभर सांगत होतीस,' मामा म्हणाले.

'सांगत होते रे. पण तुम्ही सगळे इतके हसायचात. बाबा हसले, आई हसली, लग्नानंतर तुझे भाऊजी हसले. एकदा मीही नळी लावून बघितली, तर अंधार. मग मलाच वाटायला लागलं, लहान होते, स्वप्न पडलं असेल, आणि आपण तेच खरं म्हणून सांगत बसलो. मनातून मी कधीच मानून टाकलं होतं की सावित्री, तू एवढं एक खोटं बोललीस. फक्त सांगायची थांबले नाही. थांबले असते तर तुम्हाला ते कळलं असतं.'

मी एवढी वर्षं या बाईवर विश्वास ठेवून होते, आणि तिचा स्वतःचाच स्वतःवर राहिला नव्हता. बसचं तिकीट, कच्चं पुरण, मोजूनमापून बोलणं, सगळं त्या एका खोट्याची भरपाई म्हणून चाललं होतं की काय, कोण जाणे. मी सरळ रडायला लागले. बबलूने फोन खिशात घातला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मामा खुर्ची ओढून बहिणीसमोर बसले. ऐंशी वर्षांचा माणूस, पण चेहरा पोरासारखा झाला होता. त्यांनी तिचा हात हातात घेतला. 'अक्का,' म्हणाले, 'आणखी काय काय दाखवलं होतं गं त्याने?'

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

'सांगते,' आत्याबाई म्हणाल्या. 'पण आधी तिला पाण्यात सोड, जीव जाईल तिचा.'